साहेबांची हजेरी

सकाळी साडेसातला आमच्या गल्लीतून जायचं असेल तर सुकलालआप्पांच्या ओट्यासमोर क्षणभर थांबावं लागतं. आप्पा तिथे उभे असतात. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कॅमेरा, आणि कॅमेरा डोळ्याला. समोरून जो जाईल त्याच्यावर ते कॅमेरा रोखतात. आतून बारीक 'टिक्' असा आवाज आला की मोठ्यानं म्हणतात, "हजर." आवाज आला नाही तर म्हणतात, "गैरहजर. मागे जा, परत ये."

मग दूधवाला बिचारा चार पावलं मागे जातो आणि पुन्हा चालत येतो.

फोटो मात्र ते काढत नाहीत. ही नुसती हजेरी. आप्पांचा कॅमेरा मिररलेस आहे आणि त्याला माणसाचा डोळा आपला आपण सापडतो. डोळा सापडला की पडद्यावर त्या डोळ्याभोवती छोटी हिरवी चौकट येते, आणि ती चौकट जिथे, तिथे फोटो स्वच्छ. बाकीचं मागचं-पुढचं थोडं धूसर. आजकालच्या सगळ्या चांगल्या कॅमेऱ्यांत हे असतं म्हणे. पण आप्पांना कोणी सांगितलेलं पटत नाही. साहेबांना आज दिसतंय की नाही, हे ते रोज सकाळी स्वतः तपासतात.

साहेब म्हणजे कॅमेरा. आप्पांनी त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही. "साहेब गरम झाले." "साहेबांची बॅटरी बसली." "साहेबांना आज कुत्रा माणूस वाटला." एकदा शेजारच्या राजूनानांनी विचारलं, "आप्पा, आत आरसा नाही म्हणता, मग तुमचे साहेब भांग कसा पाडतात?" आप्पा हसले नाहीत. त्यांनी नानांवर कॅमेरा रोखला, टिक् ऐकलं आणि म्हणाले, "हजर. जा आता कामावर."

साहेबांवर इतका अविश्वास असेल तर घेतले कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "भरोसा शे. पण रोज विचारीसन."

भरोसा आहे, पण रोज विचारून. हे वाक्य ते गॅसच्या नळीबद्दल म्हणतात, गाडीच्या ब्रेकबद्दल म्हणतात आणि एकदा डॉक्टरांबद्दल त्यांच्याच तोंडावर म्हणाले होते.

आम्ही गोडादऱ्याला राहतो, गुजराती मुलखातल्या कापडगिरण्यांच्या शहरात. गल्लीतली बहुतेक घरं खान्देशातली. कोणी अमळनेरकडचे, कोणी पारोळ्याचे, कोणी साक्रीचे. माझे वडील पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये जातात आणि आई घरी साड्यांचे लोंबते धागे कापते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गल्लीतही पहिल्या तिघाचौघांत. त्यामुळे माझं नाव सोनल असलं तरी आप्पा मला "कॉलेज" म्हणतात. "ए कॉलेज, हे वाच." गोळ्यांची पाकिटं, लाइटबिलाच्या मागचा मजकूर, बँकेचा मेसेज, सगळं माझ्याकडे येतं. माझी शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. इंग्रजी मला अजून अडखळतच येतं. पण हे गल्लीत सांगायची मला लाज वाटायची, आणि त्या लाजेचा या गोष्टीशी संबंध आहे. तो पुढे येईल.

आप्पा आधी कतारगामला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात होते. एकटे आठ लूम बघायचे. वडील सांगतात की खात्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या लूमवर तुटलेला धागा आप्पांना दिसायचा. इतरांना लूम थांबल्यावर कळायचं, आप्पा थांबायच्या आधीच चालायला लागलेले असायचे. सुट्टीच्या दिवशी ते एका स्टुडिओत जाऊन बसायचे. तिथे फोटो शिकले, आणि पुढे खातं सोडून हेच करायला लागले. घराच्या पुढच्या खोलीत निळा पडदा लावला. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, लग्नं, जावळं. गल्लीत असं घर नाही ज्याच्या भिंतीवर आप्पांनी काढलेला फोटो नाही.

सगळी वर्षं त्यांनी हातानं फोकस केला. लेन्सची कडी बोटांनी हळूहळू फिरवायची, नाकाचा शेंडा दिसला की थांबायचं, मग केसभर मागे यायचं. "नाकवरतून डोळावर उतरानं," असं ते सांगायचे. ऑटो फोकसला ते आळशी माणसाचं काम म्हणायचे. ज्याला स्वतःचे डोळे आहेत त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांनी का बघावं?

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, मनीषाताईचं लग्न झालं.

मुलीच्या लग्नात दुसरा फोटोग्राफर सांगा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. आप्पांनी ऐकलं नाही. हळद लागली, फोटो आप्पांचे. मंगलाष्टकं झाली, फोटो आप्पांचे. मध्येच नवरीचा बाप म्हणून बोलावणं आलं की गळ्यातला कॅमेरा पाठीवर टाकायचे, विधी करायचे आणि कॅमेरा पुन्हा पुढे घ्यायचे. शेवटी पाठवणीची वेळ आली. ताई जिजीच्या गळ्यात पडली. जिजी म्हणजे आप्पांची बायको. गल्लीतले सगळेच त्यांना जिजी म्हणतात. भोवती बायका जमल्या, आणि आप्पांनी एक फोटो काढला. एकच.

पंधरा दिवसांनी अल्बम आला. त्या फोटोत मागच्या मावशीचा चेहरा स्वच्छ होता. गाडीवर लावलेलं शिरपूरच्या नवरदेवाचं नाव स्वच्छ होतं. कडेला उभी असलेली मी स्वच्छ होते. जिजीचा चेहरा तेवढा धूसर होता.

जिजीनं तो अल्बम मांडीवर घेऊन बराच वेळ बघितला. मी तिथेच होते. ती म्हणाली, "बठासना तोंड दिसतस. मनंच दिसत नही." सगळ्यांचे चेहरे दिसतात, माझाच दिसत नाही. मग आप्पांकडे बघून म्हणाली, तीस वर्षांत सगळ्या दुनियेचे फोटो काढले, आणि घरची बाई एकदा नीट दिसली नाही तुम्हाला.

आप्पा म्हणाले, लेन्सवर वाफ धरली होती.

"मे महिनामा वाफ?" जिजीनं विचारलं.

हे त्यांचं शेवटचं समोरासमोरचं बोलणं. तेव्हापासून जिजी आप्पांशी थेट बोलत नव्हती, आणि तिनं बोलणं सोडलं म्हणून आप्पांनीही सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. फक्त मध्ये कोणीतरी लागायचं. बहुतेक वेळा ती कोणीतरी मीच असायचे, कारण आमचं दार त्यांच्या दाराला लागून आहे.

"सांग त्यासले, चहा थंडा व्हई राहिना." चहा थंड होतोय.

"सांग तिले, हातमा काम शे."

आप्पा माझ्यापासून तीन फुटांवर, जिजी चार फुटांवर. मी काही सांगायच्या आत दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी एकदा सांगायचे. न सांगता गप्प बसले तर दोघं माझ्याकडे बघत बसायची. मी कॉलेजात असले की जिजी तुळशीला सांगायची आणि आप्पा साहेबांना. "साहेब, घरात मीठ संपलं असं कोणीतरी तुळशीला सांगत होतं, चला, जाऊन येऊ."

लग्नानंतर महिन्याभरातच आप्पांनी जुना कॅमेरा कपाटात ठेवला आणि हा नवा आणला. गल्लीला आश्चर्य वाटलं. आळशी माणसाचं काम म्हणणारा माणूस ऑटो फोकसवाला कॅमेरा घेऊन आला. कोणी म्हणालं, ड्रोन उडवून लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांना घाबरले. कोणी म्हणालं, वय झालं, नजर गेली. जिजी तुळशीला म्हणाली, नवीन खेळणं आलं.

आप्पांनी मला बोलावलं. कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक मोबाईलवर होतं, शेकडो पानांचं, इंग्रजीत. ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, कॉलेज, एकेक पान वाच आणि मला मराठीत सांग. मी तीन रविवार वाचलं. खरं सांगायचं तर अर्धं मला कळत नव्हतं. जे कळलं ते सांगितलं. जे कळलं नाही तिथे "हे आपल्या कामाचं नाही, आप्पा" असं म्हणून पान पुढे सरकवलं. ते मान हलवायचे. माझ्यावर मात्र त्यांचा भरोसा होता, तोही न विचारता.

हळूहळू साहेबांचे गुण कळत गेले. साहेबांना डोळा म्हणजे डोळा, मग तो कोणाचाही असो. एका साखरपुड्यात त्यांनी मांडवामागच्या निवडणुकीच्या बॅनरवरचा उमेदवार पकडला आणि तो सोडेनात. एकदा नवरदेवाच्या मित्राच्या टी-शर्टवर वाघाचं तोंड छापलं होतं, चौकट तिथेच जाऊन बसली. गल्लीच्या कानबाईला तर साहेबांनी पहिल्याच वर्षी ओळखलं. कानबाई आमची खान्देशची देवी. श्रावणात रविवारी तिला बसवायचं आणि सोमवारी सकाळी मिरवणुकीनं निरोप द्यायचा. नारळाला चांदीचे डोळे आणि नथ लावून तिचा मुखवटा करतात. आप्पांनी कॅमेरा वर केला आणि नारळावर टिक् झालं. आप्पांनी चपला काढल्या होत्याच, कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाही हात लावून नमस्कार केला. "साहेब भाविक शेतस," म्हणाले.

हळूहळू साहेबांचं कौतुकही व्हायला लागलं. एका लग्नात होमाचा धूर इतका झाला की भटजींसकट सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आप्पा मात्र फोटो काढत राहिले आणि ते सगळे स्वच्छ आले. नंतर पडद्यावर बघताना ते मला म्हणाले, "साहेबांच्या डोळ्याला पाणी येत नाही. एवढं एक बरं आहे." मला वाटलं ते धुराबद्दल बोलताहेत.

गडबड मागच्या हिवाळ्यात ध्यानात आली. तोवर बाहेरची लग्नं नीट व्हायची आणि गल्लीतली एखादी चूक आप्पा घाईवर ढकलायचे. हिवाळ्यात मात्र गल्लीतले तीन कार्यक्रम लागोपाठ आले. राजूनानांच्या पुतणीच्या लग्नात नवरीनं हार घातला तो फोटो धूसर. मग एका घरची हळद, नवरदेव धूसर. मग एक जावळ. मामाच्या मांडीवर बाळ, बाळ धूसर, मामा धूसर. आणि हे एकेक फोटो नव्हते, एकापाठोपाठ दहा-दहा होते. आप्पांनी साहेबांची हजेरी सकाळ-संध्याकाळ घ्यायला सुरुवात केली. गल्लीत साहेब एकदाही चुकेनात. दूधवाला हजर, रिक्षावाला हजर, कुत्राही हजर. मग आप्पा रिंग रोडच्या बाजूला सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसानं दोन दिवस ठेवून घेतला आणि म्हणाला, "काका, कॅमेरो तो बराबर छे." आप्पांनी तिथेच त्याचा फोटो काढला, वॉचमनचा काढला, दारातल्या चहावाल्याचा काढला. सगळे स्वच्छ. तिथे साहेब अगदी शहाण्यासारखे वागले.

जुलैत राजूनाना आले. गल्लीच्या कानबाई मंडळाचं सगळं तेच बघतात. ओट्यावर बसले, पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "आप्पा, राग मानू नका. या वर्षी कानबाई तुमच्या घरी बसतेय, म्हणून फोटो तुमच्याकडेच. पण या वर्षी चुकलं, तर पुढच्या वर्षी मंडळ दुसरीकडे बघेल. पोरं ड्रोनवाल्यांचं नाव घेताहेत."

आप्पांनी नानांवर कॅमेरा रोखला नाही. मान खाली घालून लेन्सचं झाकण लावत बसले. गल्लीची कानबाई त्यांनी एकही वर्ष चुकवली नव्हती. कानबाईचं काम गेलं म्हणजे नुसतं एक काम जाणार नव्हतं. जो माणूस कानबाईचे फोटो काढतो त्यालाच गल्ली लग्नाला सांगते.

आतून जिजीचा आवाज आला. आज ती तुळशीशी बोलत नव्हती, माझ्याशीच बोलत होती. "सांग त्यासले, जुना कॅमेरा काढा म्हणा." मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "सांग तिले, त्यानंच घात कया ना." त्यानंच तर घात केला.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कॉलेज लवकर सुटलं. आप्पा मला म्हणाले, बिघडलेले सगळे फोटो एकदा मोठे करून बघ, काही कळतंय का. मी त्यांच्या लॅपटॉपवर बसले. जिजी मागच्या खोलीत रोटासाठी, कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू निवडत होती. आप्पा माझ्या मागे स्टुलावर.

पहिल्या फोटोत नवरी हार घालतेय, धूसर. मी फोटो मोठा करून सरकवत गेले. मागे जेवणाची पंगत चालू होती. त्या पंगतीत एक चेहरा स्वच्छ होता, इतका की पापण्या मोजाव्यात. जिजी. हातात बट्टीचा तुकडा, तोंड उघडं.

दुसरा फोटो हळदीचा. नवरदेव धूसर, आणि खिडकीच्या गजांमागे जिजी स्वच्छ. तिसरा जावळाचा. बाळ धूसर, आणि कोपऱ्यात चपला शोधणारी जिजी, कपाळावरच्या टिकलीसकट स्वच्छ.

मी दहा-बारा फोटो बघितले. मग मागे वळून आप्पांकडे बघायची हिंमत होईना. त्यांनाही दिसत होतंच. मला आठवलं, जिजीनं हिवाळ्यात एकदा निरोप पाठवला होता की मी घास खात असताना माझ्याकडे कॅमेरा का रोखता, चार बायका हसतात. आप्पांनी उलट निरोप दिला होता की मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोघंही खरंच बोलत होती.

मी मोबाईलवर पुन्हा ते माहितीपुस्तक उघडलं. या वेळी एकही पान सरकवलं नाही. जो शब्द अडला तो शोधला. तासाभरानं एक पान सापडलं. त्यावर लिहिलं होतं की या कॅमेऱ्यात तुम्ही काही चेहरे नोंदवून ठेवू शकता. गर्दीत बाकी कितीही माणसं असली तरी नोंदवलेला चेहरा दिसला की कॅमेरा आधी त्याच्याकडे जाईल. ते पान मला ओळखीचं वाटलं. पहिल्यांदा वाचताना मी म्हटलं होतं, हे आपल्या कामाचं नाही.

मी कॅमेरा हातात घेतला आणि ती यादी उघडली. आठ जागा होत्या. सात रिकाम्या. पहिल्या जागेवर जिजी होती, भुवया चढवून थेट समोर बघणारी, भयंकर रागावलेली.

"आप्पा," मी म्हटलं, "हे कोणी भरलं?"

आप्पांनी आधी मागच्या खोलीकडे बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं. कॅमेरा घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानं ही गोष्ट दाखवली होती. म्हणाला होता, काका, जो चेहरा कधीच चुकायला नको तो यात भरून ठेवा. आप्पा घरी आले. पण समोर बघितल्याशिवाय चेहरा भरता येत नाही, आणि जिजी तर त्यांच्याकडे बघत नव्हती. मग त्यांनी कॅमेरा तयार ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टीलचं ताट मुद्दाम पाडलं. जिजीनं चटकन वळून बघितलं.

"मला वाटलं घरातल्या फोटोपुरतं असेल," ते म्हणाले. "लोकांच्या लग्नातबी साहेब तिलाच शोधत फिरतील, हे मला काय माहीत."

म्हणून रोजच्या हजेरीत साहेब चुकत नव्हते. सकाळी साडेसातला आणि संध्याकाळीही जिजी स्वयंपाकघरात असायची. सर्व्हिस सेंटरला तर ती गेलीच नव्हती. बाहेरच्या लग्नांनाही ती जात नाही, गल्लीतलं एक चुकवत नाही. साहेबांच्यात काही बिघाड नव्हता. सांगितलेलं काम ते करत होते, आणि लग्नाच्या घाईत आप्पा नुसतं टिक् ऐकायचे, चौकट कुठे बसली ते बघत नव्हते.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आप्पा, हे पान मी तेव्हा सोडलं होतं. मला कळलं नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली."

आप्पांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "तू पुस्तक तरी उघडलंस. मी दोन वर्षांत तिला एकदा विचारलं नाही."

काय विचारलं नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. यादीच्या खाली कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह होतं. उद्या कानबाई, घरभर गल्ली जमणार, आणि जिजी सगळीकडे असणार. मी त्या चिन्हावर बोट नेलं. "पुसू का?"

आप्पांनी कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला. पट्टा गळ्यात अडकवला. मग म्हणाले, "पुसाचं नही. नुसतं थोडा वेळ बंद करायचं काही नसतं का यात?"

होतं. ते मी शोधलं आणि बंद केलं.

रविवारी कानबाई बसली. पूजेला आप्पा आणि जिजी शेजारी शेजारी पाटावर. मी मागे उभी. "सांग त्यासले, पाणी वाहा म्हणा." "सांग तिले, हळद दे म्हणा." भटजींनी दोनदा वळून माझ्याकडे बघितलं. पूजा आटोपली आणि आप्पा उठून कामाला लागले. रोट, आरती, फुगड्या, पाहुणे. जिजी दर तिसऱ्या फोटोत मागून जात होती आणि साहेब तिच्याकडे ढुंकून बघत नव्हते. सोमवारी सकाळी मिरवणूक निघायच्या आधी राजूनानांनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ धरून एकेक फोटो मोठा करून तपासला. सगळ्या मंडळाचा फोटो होता, तीन रांगांचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाचा तीळ दिसत होता. नानांनी कॅमेरा परत दिला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी स्थापना आमच्याकडे आहे, आप्पा. लवकर या."

ड्रोनचं नाव कोणी काढलं नाही.

मिरवणूक निघाली. ढोल, गुलाल. कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन बायका आळीपाळीनं चालतात, आणि पहिला मान जिच्या घरी देवी बसली तिचा. जिजी हिरवं लुगडं नेसली होती. बायकांनी पाट उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. दोन्ही हातांनी पाट धरून, मान ताठ ठेवून ती हळूहळू चालायला लागली.

आप्पा गर्दीतून माझ्याकडे आले आणि कॅमेरा पुढे केला. "चालू कर."

मी चालू केलं.

ते उलटे चालत जिजीच्या पुढे गेले. मी त्यांच्या खांद्यामागून पडद्यावर बघत होते. वर कानबाई, चांदीचे डोळे चमकताहेत. खाली जिजी, कपाळावर घाम. हिरवी चौकट आधी देवीच्या डोळ्यावर गेली. तिथे क्षणभर थरथरली. मग खाली उतरली आणि जिजीच्या डोळ्यावर बसली, ती हललीच नाही. ढोलवाला मध्ये आला, गुलाल उडाला, एक बाई नाचत पुढून गेली, तरी चौकट तिथेच. आप्पांनी बटण दाबलं. एकदाच.

मग कॅमेरा खाली घेतला आणि बाहीनं डोळे पुसले. गुलाल उडत होता, हे खरं आहे.

मी पडद्यावर वाकून बघितलं. जिजीच्या एकेक सुरकुतीला धार होती. वरचा मुखवटा मात्र थोडा धूसर आला होता. मी घाबरले. मंडळाचा फोटो, आणि त्यात देवीच धूसर. मी हळूच म्हटलं, "आप्पा, कानबाई नीट आली नाही."

आप्पा म्हणाले, "देवीले बठा दखतस."

देवीकडे सगळेच बघतात.

तेवढ्यात जिजी आमच्यापर्यंत पोहोचली. डोक्यावर पाट, त्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती. ती सरळ समोर बघत म्हणाली, "उना का मना फोटू?"

आला का माझा फोटो. मी सवयीनं आप्पांकडे वळले आणि तोंड उघडलं. मग माझ्या लक्षात आलं की तिनं आधी "सांग" म्हटलं नव्हतं.

आप्पांच्याही लक्षात आलं असावं. ते दोन पावलं तिच्या बरोबरीनं चालले. कॅमेऱ्याचा पट्टा एकदा सरळ केला, एकदा उलटा केला. मग माझ्याकडे बघितलं.

"सांग तिले," ते म्हणाले, "साफ उना."

मी काही सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं, आणि जिजी पाट सांभाळत हसत होती.